उक्षीचा सडा आणि भाद्रपदातील रानफुले

कोकण रेल्वेच्या उक्षी स्थानकावर भाद्रपदाच्या सुरुवातीस उतरून सड्याकडे निघालेल्या प्रवाशाला पहिली फुले चढणीवरच भेटतात, कारण उतारावर मातीचा थर जाड असतो व तेथील फुलेही मोठी, लांबून ओळखता येणारी असतात. गडग्याच्या आधाराने चढलेली कळलावी फुलाविनाही ओळखता येते, कारण तिच्या पानाचे टोकच वळून आधाराला धरणारा ताणा बनते. पाकळ्या मात्र हिरवट पिवळ्या उमलून पुढे लाल होत जातात, त्यामुळे एकाच वेलीवरील भिन्न रंग पाहून दोन जाती मानण्याची घाई करू नये. ओलसर बांधांवरचा गुलाबी तेरडा गौरीच्या सणामुळे कोकणात घरोघरी परिचित असल्याने त्यावर अधिक रेंगाळण्याचे कारण नाही.

चढ संपताच सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार, सुरू होतो आणि ओळखीची रीतच बदलते. लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे ठेवून मूळ खडक झिजत गेल्याने बनलेल्या या कातळावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी माती केवळ खळग्यांत व भेगांत साचते. म्हणून येथे पाकळ्या मोजण्याआधी रोप किती मातीत आणि किती पाण्यात उभे आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. पाणी झिरपत राहते अशा चिखलात पांढऱ्या गोंड्यांचे गेंद दाटतात आणि त्यांच्यातच सीतेची आसवे ही निळ्या-जांभळ्या फुलांची वनस्पती उभी असते, जी निकस मातीत न मिळणारे नत्र चिखलातील सूक्ष्म जीव इवल्या पिशव्यांत पकडून मिळवते. दवबिंदू ही दुसरी कीटकभक्षी वनस्पती हेच काम पानांवरील चिकट केसांनी करते. किंचित अधिक माती असलेल्या कडांवर पिवळा कवला फुलतो, ज्याच्या एका जातीचा कोवळा पाला पावसाळ्यात भाजीसाठी खुडला जातो.

याच सड्यावर हत्तीचे प्रसिद्ध कातळशिल्प आहे, आणि कोकणातील कातळशिल्पांचा युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२२ मध्ये समावेश झाल्यापासून सड्यांकडे पाहण्याची दृष्टी काहीशी बदलली आहे. तथापि हत्ती पाहण्यास येणाऱ्यांपैकी फार थोडे जण गेंदांवर पाय पडू नये म्हणून वाट वळवतात. कागदोपत्रीही सड्याची अशीच उपेक्षा होते: सातबाऱ्यावर लागवडीस अयोग्य जमिनीला पोटखराबा म्हणतात, आणि कातळाची नोंद बहुधा त्याच सदरात होते.

भाद्रपदातील फेरीला एक मर्यादाही आहे. रत्नागिरी परिसरातील सड्यांचे वैशिष्ट्य मानली जाणारी, निकोल डॅल्झेल यांनी एकोणिसाव्या शतकात वर्णिलेली, पांढऱ्या फुलांची दीपकाडी ही कंदवर्गीय वनस्पती पावसाच्या आरंभीच फुलून जाते व नंतर गवतात तिची अरुंद पाने वेगळी काढणे जाणकारालाही अवघड जाते. एखाद्या सड्यावर ती आहे की नाही याचा निर्णय आषाढातच घ्यावा लागतो. हिवाळ्यात केलेल्या पाहणीत तोच सडा निव्वळ उजाड कातळ म्हणून नोंदला जाणार, हे उघड आहे.