माय मदर... ही इज डॉक्टर!

ताश्कंदहून ‘अफ्रोसियोब’ ही हायस्पीड ट्रेन पकडली की दोन-सव्वादोन तासांत समरकंद. तिथल्या रेगिस्तान चौकात संध्याकाळी दोन प्रकारची माणसं हमखास भेटतात. एक, कॅमेरे सरसावलेले टुरिस्ट. दुसरी, त्या टुरिस्टना गाठून इंग्रजीची प्रॅक्टिस करणारी कॉलेजची पोरं! चौकाच्या तिन्ही बाजूंना निळ्याशार नक्षीचे भव्य मदरसे. त्यातला सगळ्यात जुना, उलुगबेगचा, १४२० मध्ये पूर्ण झाला. तेव्हा इथे गणित आणि खगोलशास्त्र शिकवलं जायचं. आता बाहेरच्या पायऱ्यांवर फुकटचा स्पोकन इंग्लिशचा क्लास भरतो.

‘इंडिया’ म्हटलं की ‘ओ, हिंदिस्तॉन! शाहरुख खान!’ आणि मग गाडी सुसाट. ‘माय मदर... ही इज डॉक्टर. आय हॅव थ्री ब्रदर. आय अ‍ॅम ट्वेंटी एज.’

हसू आलं ना? थांबा बॉस. यातली एकही चूक उगाच झालेली नाही.

उझबेक भाषेत तो, ती आणि ते या तिघांनाही एकच शब्द आहे, ‘उ’. आपण पंखा पुल्लिंगी, खुर्ची स्त्रीलिंगी, टेबल नपुंसकलिंगी अशी वाटणी करत बसतो. त्यांच्या व्याकरणात लिंग ही भानगडच नाही. आईही ‘उ’, बाबाही ‘उ’. मग बोलण्याच्या भरात ‘ही’ की ‘शी’, कोण ठरवणार?

‘थ्री ब्रदर’चंही तसंच. पुस्तक म्हणजे ‘कितॉब’, पुस्तकं म्हणजे ‘कितॉबलार’. पण पाच पुस्तकं म्हणायचं तर नुसतं ‘बेश्ता कितॉब’. आकडा सांगितलाय, मग शब्दाला पुन्हा शेपूट कशाला? लॉजिक सॉलिड आहे की नाही? आणि वय सांगताना उझबेकमध्ये माणूस ‘वीस वयात’ असतो, म्हणून ते ‘ट्वेंटी एज’.

इन, ऑन, अ‍ॅट? त्या सगळ्यांचं काम एकटा ‘दा’ करतो. ‘उय्दा’ म्हणजे घरात, ‘स्तोल्दा’ म्हणजे टेबलावर, ‘सॉअत बेश्दा’ म्हणजे पाच वाजता. एका प्रत्ययावर वाढलेल्या पोरांपुढे इंग्रजी तीन पर्याय ठेवते. गोंधळ होणारच.

खरी गंमत पुढे आहे. ‘मेन्दा कितॉब बॉर.’ शब्दाला शब्द लावून बघा... माझ्याकडे पुस्तक आहे! ‘हॅव’सारखं क्रियापद ना त्यांच्याकडे, ना आपल्याकडे. क्रियापद वाक्याच्या शेवटी, तेही दोघांकडे. ‘अ’ आणि ‘द’ दोघांकडेही नाहीत, म्हणून ते ‘आय बाय बुक’ म्हणतात आणि आपल्या ऑफिसच्या मेलमध्ये ‘प्लीज सेंड फाइल’ असतं. वेस्ट म्हणजे पश्चिम आणि वेस्ट म्हणजे बनियन, हा फरक त्यांच्या जिभेला जड जातो. आपणही दोन्हीकडे एकच ‘व’ वापरून मोकळे!

पायऱ्यांवर भेटलेली एक मुलगी दर दोन वाक्यांनंतर ‘सॉरी फॉर माय इंग्लिश’ म्हणत होती. तिला टुरिस्ट गाइड व्हायचंय, त्याआधी आयईएलटीएसचा स्कोअर हवाय. उझबेकिस्तानात २०१३-१४ पासून पहिलीपासूनच परदेशी भाषा शिकवतात, त्यामुळे मागून येणारी पोरं तिच्याहून फाडफाड बोलतात. ती वडिलांबद्दल सांगायला लागली, ‘माय फादर, दे आर टीचर.’ आणि लगेच जीभ चावली, ‘सॉरी! ही, ही!’

पण ही चूक नव्हती, हे संस्कार होते. ‘दादामलार केल्दिलार’ म्हणजे बाबा आले. ‘लार’ हा अनेकवचनाचा प्रत्यय, पण इथे एकट्या वडिलांना मानानं लावलेला. आपण तरी कुठे ‘बाबा आला’ म्हणतो? मराठीतही आम्ही वडिलांना ‘दे’च म्हणतो, असं सांगितल्यावर ती आधी गोंधळली, मग खळखळून हसली. त्यानंतरच्या अर्ध्या तासात ती एकदाही सॉरी म्हणाली नाही. इंग्रजी तेवढंच होतं, फक्त आता वाक्यं पूर्ण होत होती!

हे आपल्या ऑफिसातही होतं. मीटिंगमध्ये सगळ्यात चांगली आयडिया अनेकदा मराठी माध्यमातून आलेल्या, कोपऱ्यात बसलेल्या मुलाकडे असते. तो बोलत नाही, कारण मागच्या वेळी कुणीतरी त्याच्या ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’वर फिस्सकन हसलेलं असतं. परीक्षेत ग्रामर तपासलं जाणारच, ते शिकायलाच हवं. पण माणूस चुकतो तेव्हा बहुतेक वेळा त्याची आई त्याच्याशी ज्या भाषेत बोलली, ती भाषा मधे डोकावत असते. तेवढं ओळखता आलं, तर समोरच्याला बोलायला जागा मिळते.

तेव्हा समरकंदला जाल तर मदरशांचे फोटो काढून झाल्यावर तासभर त्या पायऱ्यांसाठी राखून ठेवा. निघताना ‘रहमत’ म्हणा, म्हणजे थँक यू. रात्री प्लोव हाणल्यावर वाढणाऱ्याला ‘मझाली’ म्हणा, म्हणजे चविष्ट. त्यांच्याकडे ‘मझा’ म्हणजे चव. आपल्याकडे तोच शब्द ‘मजा’ झाला. हे मात्र कुणालाही भाषांतर करून सांगावं लागणार नाही!