पांझरेकाठी ‘ड्यून’

फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’ चर्चेला घेतली की पहिल्या पाच मिनिटांतच खोलीचे दोन भाग पडतात. एका बाजूला चित्रपट पाठ असलेली, हर्बर्टच्या सहाही कादंबऱ्या आणि त्याच्या मुलाने केव्हिन अँडरसनबरोबर पुढे लिहिलेले भाग वाचून झालेली कॉलेजची मुलं. दुसऱ्या बाजूला पहिली कादंबरी कशीबशी संपवलेली किंवा अर्ध्यावर ठेवलेली माणसं. मुलं घराण्यांच्या वंशावळी सांगायला लागली की बाकीचे गप्प होतात. एकदा गप्प झालेला माणूस त्या संध्याकाळी पुन्हा तोंड उघडत नाही.

आमचं वाचक मंडळ जळगाव आणि धुळ्याचं मिळून आहे. एक बैठक इकडे, पुढची तिकडे. एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्याने माणसं येतात, त्यामुळे आलेल्या प्रत्येकाला बोलायला मिळालंच पाहिजे, असं मी मानतो. मालिका वाचणं मराठी वाचकाला नवं नाही. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे यांच्यावर पिढ्या वाढल्या. पण झुंजारचं कुठलंही पुस्तक उचलावं आणि वाचावं, मागचं ठाऊक नसलं तरी अडत नसे. ‘ड्यून’सारख्या मालिकेत माहितीचीच प्रतिष्ठा होऊन बसते, आणि पुस्तक बाजूला राहतं.

म्हणून आमच्याकडे एक नियम आहे: बोलायचं ते फक्त 1965च्या पहिल्या कादंबरीतलं. चित्रपट नाही, पुढचे भाग नाहीत. मुलं कुरकुरतात. नायक पॉल अट्रायडीजचं पुढे काय होतं ते सांगितल्याशिवाय त्याला समजून कसं घ्यायचं, असं विचारतात. मी म्हणतो, हर्बर्टने इशारा पहिल्याच पुस्तकात देऊन ठेवलाय. वाळवंटात मरणाऱ्या पर्यावरणतज्ज्ञ कायन्सला भ्रमात वडिलांचा आवाज ऐकू येतो आणि तो बजावतो, की एखाद्या हीरोच्या हाती सापडण्याइतकं भयंकर अरिष्ट लोकांवर दुसरं नसतं. हे वाक्य ज्याने स्वतः शोधलं, त्याला पुढच्या भागाची, 1969च्या ‘ड्यून मसाया’ची, घाई लागत नाही.

चर्चेची सुरुवात कशाने करायची, यावर सगळं अवलंबून असतं. मी पाण्यापासून सुरुवात करतो. इंग्रजी वाचायला ज्यांना जड जातं त्यांच्यासाठी मेजवानीचा प्रसंग मराठीत सांगतो. अर्राकिस या कोरड्या ग्रहावर श्रीमंतांच्या घरी पाहुण्यांनी दारात हात धुवायचे, पाणी मुद्दाम फरशीवर सांडायचं, टॉवेल त्या थारोळ्यात फेकायचे, अशी रीत असते. जेवणं उरकली की बाहेरचे भिकारी त्या टॉवेलांतून पिळलेलं पाणी घ्यायला जमतात. पॉलचा बाप, ड्यूक लेटो, ही रीत बंद करतो आणि दाराशी येईल त्याला पाणी द्यायला सांगतो. मग मी दुसरा प्रसंग घेतो. वाळवंटातल्या फ्रेमेन लोकांचा म्होरक्या स्टिलगार ड्यूकसमोर टेबलावर थुंकतो. ड्यूकची माणसं ताडकन उठतात, आणि त्यांच्यातलाच डंकन आयडाहो सांभाळून घेतो: शरीरातला ओलावा देणं हा इथे मान आहे.

एवढं सांगून मी थांबतो. घरात नळ रोज येत नाही अशा माणसांसमोर यावर प्रश्न विचारावा लागत नाही.

एका बैठकीत साक्री तालुक्यातले एक आबा होते. त्यांनी कादंबरी वाचली नव्हती, नातवाबरोबर आले होते. पॉलच्या हातून फ्रेमेन जामिस मेल्यावर त्याच्या देहातलं पाणी मोजून त्याचा हिशेब धातूच्या कड्यांत पॉलच्या हाती येतो, पण पाण्यावरचा शेवटचा हक्क टोळीचाच राहतो, हे ऐकून ते म्हणाले, “हा तर फडाचा हिशेब झाला.” आणि मग त्यांनीच सगळ्यांना फड समजावून दिला. पांझरा नदीवर, तिकडे मोसम-आरमवर, काही शतकांपासून बंधारे घालून गावाने पाणी वाटून घेतलं. ओलिताची जमीन फडांत विभागलेली. एका फडात एकच पीक, म्हणजे पाण्याची पाळी सगळ्यांची सारखी. शेतकऱ्याच्या पट्ट्या वेगवेगळ्या फडांत. पाणी कमी पडलं तर एखादा फड कोरडा ठेवायचा, तोटा सगळ्यांचा. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या. चित्रपटवाली मुलं वह्या काढून लिहून घेत होती. ज्ञानाची दिशा उलटी झाली ती त्या संध्याकाळी, आणि माझ्या मते वाचक मंडळ याच्यासाठीच असतं.

हर्बर्टची मूळ प्रेरणाही अशीच मातीतली होती. 1957 साली तो ऑरेगनमधल्या फ्लॉरेन्स गावाजवळ गेला. तिथे सरकारी शेतीखातं गवत लावून सरकत्या वाळूच्या टेकड्या थोपवत होतं. त्यावरचा लेख कधी छापून आला नाही, जमवलेलं साहित्य मात्र वाढत गेलं. पुढे कादंबरी वीसेक प्रकाशकांनी नाकारली, आणि शेवटी मोटार दुरुस्तीची पुस्तकं काढणाऱ्या चिल्टनने ती छापली. हे मी सांगतो तेव्हा रावेर-यावलकडच्या बागायतदाराला गवताचं नवल वाटत नाही. उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्यापासून केळी वाचवायला तो बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवत लावतोच.

सगळ्यात तापते ती चर्चा त्याच कायन्सच्या वडिलांच्या, पार्डोट कायन्सच्या, आराखड्यावर. ग्रह हिरवा व्हायला तीनशे ते पाचशे वर्षं लागतील, असं तो लोकांना सांगतो आणि ते कामाला लागतात. इथे शिरपूर निघतंच. निवृत्त भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांच्या मार्गदर्शनाखाली 2004पासून तिथे नाले रुंद-खोल करून सिमेंटचे बंधारे घातले गेले. विहिरींना पाणी आलं हे तिथले शेतकरी सांगतात. इतकं खोल खणण्यावर भूजलतज्ज्ञांनी आक्षेपही घेतलेत. दुसरा कोणी बारीपाड्याचं नाव घेतो. तिथे गावाने जंगल राखलं, झऱ्यांना पाणी टिकलं, आणि चैत्राम पवारांना 2025 साली पद्मश्री मिळाली. एका तज्ज्ञाच्या आराखड्यावर विश्वास ठेवायचा की गावाच्या रोजच्या राखणीवर, हा प्रश्न कादंबरीही सोडवत नाही. मी तो मिटवायचा प्रयत्न करत नाही. वाद वाढू देतो, फक्त प्रत्येकाला आपलं म्हणणं पुस्तकातल्या कुठल्या पानावर टेकतं ते दाखवायला लावतो.

तुमच्या गावात वाचनालय असेल आणि दहा माणसं जमत असतील, तर ‘ड्यून’ जरूर घ्या. पुस्तकाच्या शेवटी असलेलं पर्यावरणावरचं परिशिष्ट आधी वाचून दाखवा. आणि बैठकीचं आमंत्रण एखाद्या पाटकऱ्याला, एखाद्या विहीर खणणाऱ्याला द्या. त्यांना आधी बोलू द्या.