सुटा मनोरा

फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलला न टेकता त्याचा घंटेचा मनोरा वेगळा उभा आहे, देवळापुढे दीपमाळ असावी तसा. दोघांच्या मधून आभाळाची एक उभी पट्टी दिसते. कितीतरी वेळ मी ती पट्टीच पाहत राहिले. चिकटून बांधला असता तर हा मनोरा चर्चचा एक कोपरा झाला असता. सुटा आहे म्हणून दिवसभराचं ऊन त्याच्या अंगावरून फिरत राहतं.

१३३४ मध्ये हे काम जोत्तोकडे आलं. हयातभर चित्रं काढलेला माणूस. त्याच्या या भिंतींवरचे दगडही रंगांसारखे निवडलेले आहेत: काराराचा पांढरा, प्रातोचा हिरवा, सिएनाचा तांबूस. तीन वर्षांच्या आत तो गेला, तेव्हा जेमतेम तळमजला उभा राहिला होता.

पुढे आंद्रेआ पिसानो आला. पायथ्याच्या षट्कोनी चौकटींतली बहुतेक शिल्पं त्याची आणि त्याच्या कारागिरांची. आता इथे प्रतिकृती आहेत, मूळ शिल्पं संग्रहालयात. आदम कुदळ चालवतो आहे, हव्वा सूत कातते आहे. तंबूत मेंढपाळ बसलाय, पुढ्यात मेंढरं, आणि त्यांच्यावर नजर ठेवणारं छोटंसं कुत्रं. मग लोहार, माग, नांगर. प्रार्थनेला बोलावणाऱ्या घंटांखाली घामाची ही सगळी कामं कोरून ठेवावीत, याने माझं मन भरून आलं.

वरचे तीन मजले फ्रान्चेस्को तालेन्तीचे. खाली भिंत जवळजवळ बंद. त्याने ती उघडत नेली. आधी दोन मजल्यांवर जोडखिडक्या, मग घंटांच्या मजल्यावर तीन कमानींची एकच उंच खिडकी, नाद मोकळा सुटावा अशी. लांबचं लहान दिसतं हे ओळखून त्याने प्रत्येक मजला खालच्यापेक्षा मोठा केला. खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांची एवढी काळजी! जोत्तोच्या मनातलं टोकदार शिखर मात्र त्याने चढवलंच नाही. १३५९ मध्ये काम संपलं, ते सपाट गच्चीवर, सुमारे ८५ मीटर उंचीवर.

वर जायला ४१४ पायऱ्या. अरुंद, अंधाऱ्या, मध्येच एखाद्या फटीतून उजेड. गच्चीवर पोचले तेव्हा समोर कॅथेड्रलवरचा ब्रुनेलेस्कीचा घुमट होता, जवळजवळ हाताला लागेल असा.

खाली येऊन पुन्हा वर पाहिलं. वरचे तिन्ही मजले सारखेच दिसत होते. पोटऱ्या मात्र शेवटच्या मजल्याची लांबी मोजून आल्या होत्या.