इस्तंबूलची कलम

अब्बांना एकदा परदेश दाखवायचा, हे धाकट्या भावाच्या मनात फार दिवसांपासून होतं. तो शारजाला नोकरीला आहे. अम्मी आणि अब्बा 2018 मध्ये उमरा करून आले होते, पण अब्बा त्याला परदेश मानत नाहीत. ‘वो तो अपना घर है’ म्हणतात. 2021 मध्ये अम्मी गेली आणि अब्बा घरात असूनही नसल्यासारखे झाले. सकाळी फज्र, मग पेपर, मग ओसरीवर नुसतं बसून राहणं. भावानं फोनवर विचारलं, "अब्बा, कहाँ जाना बोलो. बुर्ज खलिफा देखते?" अब्बा म्हणाले, "ऊँची इमारत में क्या देखना है? दिखाना ही है तो इस्तंबूल दिखा."

आम्ही मिरजेची माणसं. आमच्या घरात इस्तंबूलचं नाव निघायचं कारण निराळं होतं. अब्बा कातिब. मुंबईच्या एका उर्दू दैनिकात पंचवीस वर्षं त्यांनी बातम्या हातानं लिहिल्या. आजच्या मुलांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही, पण उर्दू वर्तमानपत्र तेव्हा अक्षरशः लिहिलं जायचं. नस्तालीकची अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर चढून तिरपी उतरत येतात, ती टाइपात बसत नव्हती. त्यामुळे रोज संध्याकाळी दहा-बारा कातिब मांडी घालून बसायचे आणि सकाळचा पेपर लिहून काढायचे. नव्वदच्या दशकात ‘इनपेज’ नावाचं सॉफ्टवेअर आलं आणि एक मुलगा एका संगणकावर तेवढंच काम करू लागला. 1997 मध्ये अब्बा घरी आले. ज्या दैनिकासाठी मान मोडून काम केलं त्यानं हिशेबाचे पैसे देताना सात महिने लावले, तेही पूर्ण नाहीत. त्यानंतर मिरजेत दुकानांचे बोर्ड रंगवले, शादीची कार्डं लिहिली, कबरींचे कतबे लिहिले. बोर्ड बहुतेक मराठी. ‘येथे सायकली भाड्याने मिळतील’ हे त्यांच्या हातचं अक्षर अजून एका भिंतीवर आहे, सायकली कधीच गेल्या.

तर कातिबांमध्ये एक जुनी म्हण आहे, की कुरआन मक्केत उतरला, कैरोत वाचला गेला आणि इस्तंबूलमध्ये लिहिला गेला. अब्बांचे उस्ताद ती सांगायचे. म्हणून इस्तंबूल.

नोव्हेंबर 2023 मध्ये आम्ही निघालो. भावाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून शारजाहून पुढे अब्बांबरोबर मी. तीन रात्री, चार दिवस. मी अनुदानित उर्दू शाळेत शिक्षिका आहे. परदेशवारीची परवानगी आणि किरकोळ रजा यांची जुळवाजुळव करताना जे झालं त्यावर वेगळा लेख होईल. व्हिसाचंही तेच. ते सोडून देते.

मी मात्र एक गोष्ट बरोबर घेऊन निघाले होते आणि ती सामानात मावत नव्हती. त्या वर्षी जूनमध्ये मी माझ्या मुलाला इंग्रजी माध्यमात घातलं होतं. अब्बांना सांगितलं नव्हतं. ते मिरजेत, मी दीड तासावर नोकरीच्या गावी, त्यामुळे लपवणं जमलं. उर्दू शाळेच्या शिक्षकांना माहीत आहे, मे महिना आला की आम्ही पटसंख्येसाठी मोहल्ल्यात घरोघरी फिरतो. पट घटला तर संचमान्यतेत शिक्षक अतिरिक्त ठरतो. मी दारादारात उभी राहून मादरी जबानमधल्या शिक्षणाचं महत्त्व सांगत होते, तेव्हा एका बाईनं भांडी घासता घासता विचारलं, "टीचर, तुमारा बच्चा किदर डाले?" मी म्हटलं, "अभी छोटा है." तो सहा वर्षांचा होता. आणि त्याची फी भरून मला आठ दिवस झाले होते.

पहिल्या दिवशी पाऊस होता. आयासोफियात शिरलो. 1934 मध्ये तुर्की सरकारनं तिचं संग्रहालय करायचं ठरवलं, 2020 मध्ये पुन्हा मशीद झाली. लोक मान वर करून घुमट बघत होते, अब्बा मात्र खांबांवरचे आठ गोल तख्ते बघत राहिले. एकेक तख्ता साडेसात मीटरचा. अल्लाह, मुहम्मद, चार खलिफा, हसन आणि हुसैन. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कजास्कर मुस्तफा इज्जत एफेंदी यांनी ते लिहिले. अब्बांनी हवेत बोट फिरवून नुक्ते मोजले. खुशनवीसाचं मोजमाप नुक्त्यात असतं. अलिफ किती नुक्ते उंच, बे किती लांब. मग म्हणाले, "इतनी मोटी कलम नहीं होती, बेटा. छोटा लिखकर चौकोन डालकर बढ़ाया होगा. मैं भी बोर्ड ऐसेच करता था." हे ‘ऐसेच’ मला फार आवडलं. सुलतानाचा खुशनवीस आणि मिरजेतला सायकलवाल्याचा बोर्ड एका ओळीत.

या तख्त्यांची एक हकीकत आहे. संग्रहालय झालं तेव्हा ते खाली उतरवले, पण बाहेर नेता येईनात, कारण दारं लहान आणि तख्ते मोठे. तसेच भिंतीला टेकवून ठेवले. 1949 मध्ये पुन्हा वर चढवले. अब्बांना हे सांगितलं तर ते कितीतरी वेळ हसत होते. अम्मी गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिवानयोलू रस्त्यानं चालत निघालो. ट्रामच्या रुळांशेजारी सुलतान महमूद दुसरा याची तुर्बत आहे, अब्दुल हमीद दुसरा हाही तिथेच दफन आहे. अंगणात संगमरवरी कबरी, पुरुषांच्या दगडांवर कोरलेल्या पगड्या आणि फेज टोप्या. अब्बा चष्मा पुसून वाचू लागले. "हुवल बाकी... मरहूम व मगफूर..." शेवटी फातिहा. सन हिजरी. तिथे शाळेची सहल आली होती. मुलं दगडांभोवती धावत होती, त्यांच्या बाईंना ओरडताना ऐकून मला माझा वर्ग आठवला. त्या मुलांना त्यातलं एक अक्षर येत नव्हतं. बाईंनाही नसावं. 1 नोव्हेंबर 1928 ला तुर्कस्तानात कायदा झाला आणि नव्या वर्षापासून अरबी लिपी जाऊन रोमन लिपी आली. बदल काही महिन्यांत झाला. जो कालपर्यंत आलिम तो सकाळी अंगठेबहाद्दर. दुसरी बाजूही खरी आहे: त्या काळी लिहिता-वाचता येणारे मुळात फार थोडे होते, आणि तुर्की भाषेतले स्वर त्या लिपीत नीट बसत नव्हते. मी शिक्षिका आहे, पहिलीच्या पोराला नवं अक्षर सोपं पडतं की अवघड, याला मी कमी लेखणार नाही.

पुढे बायजीदच्या चौकात इस्तंबूल विद्यापीठाचा भव्य दरवाजा आहे. जुन्या काळी हे लष्करी खातं होतं, प्रजासत्ताक आल्यावर इमारत विद्यापीठाला मिळाली. कमानीवर विद्यापीठाचं नाव रोमनमध्ये आहे, पण जुन्या अक्षरांतला मजकूरही तसाच ठेवलाय. अब्बांनी खाली उभं राहून मोठ्यानं वाचलं, "दायरा-ए-उमूर-ए-अस्करिया." म्हणजे लष्करी कारभाराचं कार्यालय. शब्द न् शब्द आपला. दायरा, उमूर, अस्कर. पाठीवर बॅगा घेतलेली शेकडो मुलं-मुली त्याखालून ये-जा करत होती.

एक मुलगी थांबली. तोडक्या इंग्रजीत विचारलं, तुम्ही अरब का? मी म्हटलं, हिंदुस्तान. तिनं अब्बांना पुन्हा वाचायला लावलं आणि फोनवर रेकॉर्ड केलं. मग त्याच फोनमध्ये तिनं एक फोटो काढून दाखवला. तिच्या आजीच्या घरातली वही, पणजोबांच्या हातची. घरात कुणालाच वाचता येत नाही. अब्बांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, फोटो मोठा करायला लावला. घाईत लिहिलेलं, जोडाक्षरं गुंतलेली. "ये ‘अफंदम’ है... ये ‘बूगुन’ जैसा कुछ..." दहा मिनिटांनी त्यांनी फोन परत दिला. "हुरूफ़ पहचानता हूँ, बात नहीं समझती. ज़बान तो इनकी है ना." मी तिला जमेल तसं सांगितलं. तिला वाईट वाटलं, पण तिनं आम्हाला गरम चेस्टनट खायला घातले. चव साधारण आपल्या उकडलेल्या रताळ्याच्या जवळची.

तुर्की भाषेत किताब ‘किताप’, कलम ‘कालेम’, आठवडा ‘हाफ्ता’, आणि वहीला म्हणतात ‘देफ्तेर’. आपल्या पोरांच्या पाठीवरचं दप्तर! अब्बा दिवसभर पाट्यांवरचे शब्द ओळखून मला सांगत होते, मीही त्यांना. पंचवीस वर्षं नोकरीसाठी मुंबईत राहिलेल्या बापाशी लहानपणी असा खेळ खेळायला मिळाला नव्हता.

बायजीद मशिदीला लागून सहाफलार, जुन्या पुस्तकांचा बाजार. तिथे इब्राहिम मुतफर्रिकाचा अर्धपुतळा आहे. इस्तंबूलमध्ये 1727 मध्ये तुर्की पुस्तकांचा पहिला छापखाना त्यानं काढला. मी ओळख करून दिली तर अब्बा पुतळ्याला म्हणाले, "तो भाई, शुरुआत तूने की!" तिथल्या एका दुकानात बरूच्या कलमा होत्या. दुकानदारानं शाई आणि कागद पुढे केला. अब्बांनी कलम धरली आणि त्यांचा हात थरथरू लागला. दोन वर्षांपासून कंप आहे. जेवताना मला दिसायचा, कलमेवर पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी ‘बे’ काढली. ती मधेच ढळली. दुकानदार वयस्कर होता, त्यानं काही न बोलता कागद उलटा करून पुन्हा दिला. अब्बांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि पुन्हा लिहिली. ही बरी आली. त्यांनी दोन कलमा घेतल्या आणि एक छोटा कलमतराश चाकू, मी भाव विचारायच्या आत.

संध्याकाळी एमिनोनूहून उस्कुदारला जाणाऱ्या बोटीत बसलो. वीस मिनिटांत युरोपातून आशियात. डेकवर गार वारा, लोक पावाचे तुकडे फेकत होते आणि समुद्रपक्षी ते हवेतच टिपत होते. मी सांगून टाकलं. एका दमात, फीच्या आकड्यासकट.

अब्बा पक्ष्यांकडे बघत म्हणाले, "मालूम है."

"कुणी सांगितलं?"

"तेरे बेटे ने. बकरी ईद को आया था तो पोएम सुनाई."

पाच महिने त्यांना माहीत होतं आणि मी पाच महिने फोनवर शब्द तोलत होते. मी म्हटलं, "अब्बा, तुम्ही रागावला नाहीत? मी तुमची मुलगी, उर्दूची शिक्षिका..."

"मैंने तुझे उर्दू स्कूल में क्यों डाला था, मालूम?"

मला माहीत होतं, असं मला वाटत होतं. शाळेत दरवर्षी उर्दू दिनाच्या भाषणात मी ते सांगते. माझे वडील कातिब, त्यांचं लिपीवर प्रेम, त्यांनी आम्हाला आपल्या जबानमध्ये शिकवलं.

"नगरपालिका की थी. फीस नहीं थी," अब्बा म्हणाले. "और तेरी अम्मी को सड़क पार नहीं करनी पड़ती थी."

मला राग आला. खरंच आला. दहावी, बारावी, बी.ए., बी.एड., सगळं आयुष्य ज्या एका गोष्टीवर रचलं ती फी आणि रस्ता एवढीच होती? उस्कुदार येईपर्यंत मी बोलले नाही. उतरताना त्यांनी माझा हात धरला, पायरी ओली होती म्हणून. मग म्हणाले, "सस्ते में आई थी, इसका मतलब चीज़ ख़राब थी क्या?" त्यावर मला अजून नीट उत्तर सुचलेलं नाही. आणि यंदाच्या मे महिन्यात दारात उभी राहून काय बोलायचं, तेही.

परतताना विमानतळावर कलमतराश गेला. मीच मूर्खासारखा हातातल्या पिशवीत ठेवला होता. तपासणाऱ्यानं तो उचलला, खोक्यात टाकला, विषय संपला. अब्बा विमानात माझ्याशी बोलले नाहीत. इंग्रजी माध्यमाबद्दल न रुसलेला माणूस चाकूसाठी पाच तास रुसला.

डिसेंबरात मुलाला घेऊन मिरजेला गेले. अब्बांनी कलमा काढल्या. दाढीच्या ब्लेडनं टोक कापलं, तिरपा कत दिला, शाईत बुडवून नातवाच्या हातात ठेवली. त्यानं ऐटीत आपलं नाव लिहायला घेतलं, मराठीत, कारण शाळेत मराठी नुकतंच सुरू झालं होतं. कलम कागदात रुतली. जिथे रेघ जाड हवी तिथे बारीक, जिथे बारीक हवी तिथे शाईचा डबरा. "नाना, ये ख़राब है," म्हणून त्यानं ती टाकून दिली.

अब्बांनी दुसरी कलम उचलली. खिडकीच्या उजेडात धरली. उर्दूचा कत एका बाजूला उतरता, बाळबोधीचा बोरू उलट्या बाजूला. पंचवीस वर्षं पेपर आणि पंचवीस वर्षं बोर्ड रंगवलेल्या माणसाला ते वेगळं शिकायचं नव्हतं. मनगट डाव्या हातानं धरता येईना, कारण त्या हातात कलम होती. म्हणून मला म्हणाले, "पकड." मी त्यांचं मनगट धरलं आणि त्यांनी उलटा कत दिला.