आत्याची ओवी

माझ्या खांद्यावरच्या शबनम पिशवीत ध्वनिमुद्रणाचे सारे साहित्य मावते, असे मी सांगू लागलो की ऐकणारे हसतात. पिशवी उलटी केली तर तिच्यातून निघेल एक मोबाइल फोन, एक जुना लॅपटॉप आणि कानांवर चढवायचा हेडफोन. बाकीचे सगळे त्या लॅपटॉपमधल्या ‘ऑडॅसिटी’ नावाच्या आज्ञावलीत असते. ही आज्ञावली २००० साली लोकांच्या हाती आली. ती विनामूल्य मिळते, म्हणून माझ्यासारख्या हौशी माणसालाही परवडते.

१९०२ साली फ्रेड गैसबर्ग नावाचे तंत्रज्ञ ध्वनिमुद्रणाची यंत्रसामग्री घेऊन बोटीने कोलकात्यास आले, तेव्हा प्रसिद्ध गायिका गौहरजान यांना एका कर्ण्यात तोंड घालून गावे लागले. तबकडीवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे बसे आणि ती तबकडी छापून यावयाची ती जर्मनीतील हॅनोव्हर शहरातून! आज मी एस. टी.च्या खिडकीशी बसून तेच काम मांडीवर करतो. फोन एका सेकंदात ४४,१०० वेळा आवाजाचे माप घेतो. लॅपटॉपच्या पडद्यावर तो आवाज निळ्या लाटेसारखा उमटतो. एका लाटेखाली दुसरी लाट मांडावी, म्हणजे गाण्याला तंबोऱ्याची किंवा बासरीची साथ मिळते. नको असेल तेवढा भाग कात्रीने कापावा तसा कापून टाकता येतो. ही कात्री हाती आली की ती चालवल्यावाचून राहवत नाही, हा माझा दोष मी येथेच कबूल करतो.

गेल्या हिवाळ्यात ही पिशवी घेऊन मी मावळात आत्याच्या गावी गेलो. गावात पिठाची गिरणी येऊन कित्येक वर्षे लोटली आहेत. तरीही आत्या नाचणी दळते ती जात्यावरच. तिची ओवी टिपून घ्यावी, तिला बासरीची साथ जोडावी आणि घरातल्या सर्वांना ऐकवावी, असा माझा बेत होता. प्रथम मी तिला अंगणात स्वस्थ बसवून गाण्यास सांगितले. ती दोनदा घसा खाकरून गप्प झाली. म्हणाली, “बाबा, असं रिकाम्या हातानं नाही येत मला.”

दुसऱ्या दिवशी पहाटे ती आणि वहिनी जात्याशी समोरासमोर बसल्या. खुंट्यावर दोघींचे हात पडले, जाते फिरू लागले आणि ओवी आपोआप सुरू झाली. मी जवळच फोन ठेवून श्वास रोखून बसलो होतो. आत्याने धान्याची मूठ वैरली की जाते जड होई आणि ओवीचा चरण लांबे. दाणे सरत आले की फेरा हलका होई आणि आवाजही झपझप पुढे जाई. त्या वेळी हे माझ्या कानांना जाणवले, पण मनात उतरले नाही.

दिवसभर मी आंब्याखाली बसून काम केले. बासरीसाठी नियमित ठोका लावून पाहिला, तर आत्या कधी ठोक्याच्या पुढे, कधी मागे! जात्याच्या घरघरीमुळे शब्दही अस्पष्ट वाटत होते. ऑडॅसिटीत गोंगाट कमी करण्याची एक युक्ती आहे. नुसता गोंगाट असेल असा दोन-तीन सेकंदांचा तुकडा आधी यंत्राला दाखवावा. मग त्याच्याशी जुळणारा आवाज ते सबंध ध्वनिमुद्रणातून कमी करते. मी जात्याच्या घरघरीचा तुकडा दाखवला. घरघर जवळजवळ गेली. आत्याचा आवाज किंचित पातळ, पाण्याखालून आल्यासारखा झाला. पण तिकडे मी लक्ष दिले नाही. काम जतन केले, लॅपटॉप बंद केला आणि फोनमध्ये जागा नव्हती म्हणून मूळ ध्वनिमुद्रण पुसूनही टाकले.

सायंकाळी मोठ्या ऐटीत मी हेडफोन आत्याच्या कानांवर चढवला. ती डोळे मिटून ऐकत राहिली. मग डोळे उघडून तिने विचारले, “अरे, जातं कुठं गेलं?”

मी लॅपटॉप उघडून केलेले बदल मागे घेऊ लागलो. पण फाइल एकदा बंद केल्यावर मागे जाण्याची वाट राहत नाही, आणि फोनमधले तर मी स्वतःच्या हाताने पुसले होते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी गावोगावी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या; आणि मला एक जतन करता येऊ नये! त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

पहाटे घरघर ऐकून जागा झालो. आत्याने न सांगता जाते मांडले होते. मी फोन घेऊन धावलो आणि म्हटले, “आत्या, कालचीच ओवी म्हण ना.”

ती हसली. “कालची कालच्या दळणाबरोबर गेली. आज येईल ती घे.”

आणि आली ती निराळीच ओवी होती. माझ्या आजीवरची, म्हणजे तिच्या आईवरची. या वेळी मी कात्रीला हात लावला नाही, ठोका लावला नाही, बासरीही जोडली नाही. मूळ ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती केल्या आणि एक वहिनीच्या फोनमध्ये ठेवून आलो. मधेच एकदा कोंबडा आरवला आहे, तोही तिच्यात तसाच आहे.