टँकरच्या उलट्या दिशेने

सोमवारी सकाळी ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये वीकेण्डचा हिशेब निघतो. कुणी लोणावळ्याला जाऊन आलेलं असतं, कुणी अलिबागला. मी म्हणते, ‘नालासोपारा ते नालासोपारा, व्हाया वसई किल्ला.’ मग सगळे माझ्याकडे असे बघतात, जशी काही मी आत्ताच विरार फास्टच्या दारातून लोंबकळत आलेय. तेही खरंच असतं म्हणा!

पण त्यांना काय ठाऊक, रविवारी पहाटे साडेपाचला आमच्या नालासोपारा पूर्वेतून पूल ओलांडून पश्चिमेला उतरलं की अवघ्या दहा मिनिटांत केवढं जग बदलतं. २०२० च्या लॉकडाऊननंतर मी सेकंडहॅण्ड रोड बाइक घेतली. ड्रॉप हॅण्डलवाली, पातळ टायरची. तोवर बत्तीस वर्षांच्या आयुष्यात मी सोपारा गावाच्या पलीकडे फार तर कळंबच्या बीचवर गेले होते, तेही कॉलेजात, बंक मारून.

रूट सांगते, लिहून घ्या. पहिला थांबा सोपाऱ्याचा स्तूप. गावातले जुने लोक त्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणतात. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये तो उकरला, तेव्हा दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक निघाले. तांब्याचा, चांदीचा, सोन्याचा आणि बुद्धाच्या आठ छोट्या मूर्ती. त्याच वर्षी इथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्याचा. म्हणजे ज्या नालासोपाऱ्याचं नाव सांगताना आपण जरा अडखळतो, ते सव्वादोन हजार वर्षांपूर्वी बंदर होतं! मग गास. तिथलं चर्च संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचं. ते मूळचे वसईचे, १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये संतपदाला पोचले. पुढे निर्मळचं तळं, तिथून डावीकडे भुईगाव, गिरीज, होळी आणि थेट वसई किल्ला.

किल्ल्याबद्दल मी जास्त सांगत नाही. १५३४ मध्ये पोर्तुगीजांना वसई मिळाली, मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली, इथली घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आहे, हे शाळेत झालेलं असतं. आमच्या ऑफिसातल्या पोरांना किल्ला माहीत आहे तो २०१६ च्या कोल्डप्लेच्या व्हिडिओमुळे. सेंट जोसेफच्या पडक्या मनोऱ्याच्या सावलीत बसून केळं खायचं आणि परत फिरायचं. येताना राजोडी, नंदाखाल, आगाशी करत अर्नाळ्याला जायचं, समोरच्या बेटावरचा किल्ला किनाऱ्यावरूनच बघायचा आणि विरारमार्गे घर. चाळीसेक किलोमीटर होतात. चढ जवळपास नाहीच. एकच सूचना, नऊच्या आत आटपा. त्यानंतर समुद्राचा वारा सुटतो आणि अर्नाळ्याचा सपाट रस्ताही घाट वाटायला लागतो.

पहिली दोन वर्षं मी या रस्त्याने फक्त ॲव्हरेज बघत गेले. ताशी बावीस, तेवीस, एकदा चक्क सव्वीस. दोन्ही बाजूंच्या वाड्या म्हणजे नुसता हिरवा पट्टा. मग एका मार्चमध्ये भुईगावच्या अलीकडे मागचं चाक पंक्चर झालं.

ट्यूब बदलायला मी एका वाडीच्या कुंपणाशी बसले. आतून एक आजोबा आले. पांढरा बनियन, गळ्यात क्रूस. थोडा वेळ माझी खटपट बघितली आणि म्हणाले, ‘हात काळे झाले, पोरी. आत ये, धू.’ मी विहिरीकडे निघाले, तर म्हणाले, ‘ते नको, मचूळ आहे. नळाचं घे.’

हात धुता धुता मी सहज विचारलं आणि आजोबांनी मला वाडीच दाखवायला घेतली. विहिरीच्या काठाला रहाटाचे दगडी खांब अजून उभे आहेत. पूर्वी बैल गोल फिरायचा, पाणी वर यायचं आणि पाटाने वाडीभर जायचं. पाट म्हणजे वीतभर रुंदीचा छोटासा कालवाच. कुठल्या वाफ्याला कधी पाणी द्यायचं, ते मातीचा बांध पायाने फोडून आणि पुन्हा लिंपून ठरवायचं. केळी, पानवेली, मोगरा, सगळं त्या पाण्यावर. आणि विहिरीला पाणी कुठून? बावखलातून!

बावखल हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. वाडीच्या खोलगट भागात खणलेलं तळं. खणताना निघालेली माती घराच्या जोत्याला जायची. पावसाळ्यात ते तुडुंब भरायचं, हळूहळू जमिनीत मुरायचं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवायचं. समुद्र तर हाकेच्या अंतरावर. जमिनीतल्या गोड्या पाण्याचा दाब कमी झाला की खारं पाणी आत सरकतं. एवढं साधं गणित. आजोबांच्या वाडीतलं बावखल होतं तिथे आता सपाट जागा होती, वर चार नारळ.

‘कुणी बुजवलं?’

‘आम्हीच. पंप आले, रहाट गेले, बावखलात नुसते डास. भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा जागा हवी होती.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘पण विहीर खारट झाली त्याआधीच. टँकरने.’

मी मान खाली घालून चाकात हवा भरत राहिले.

कारण टँकर मला माहीत होता. नव्वदच्या दशकात आमच्या बिल्डिंगला दिवसाआड टँकर यायचा. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांचं अर्ध आयुष्य टँकरवाल्याला फोन करण्यात गेलं असेल. टँकर आला की अर्धा तास नळ सुटायचा आणि आई गॅस बंद करून पिंपं भरायला धावायची. टँकर गळका. तो गेला की रस्त्यावर एक ओली रेघ उरायची, पश्चिमेकडे जाणारी. ‘पाणी कुठून येतं?’ असं मी विचारायचे, तेव्हा बाबा म्हणायचे, ‘टँकरमधून.’ त्या ओल्या रेघेच्या उलट्या दिशेने मी आता दर रविवारी सायकल चालवत होते आणि ते मला दोन वर्षं कळलंही नव्हतं!

घरी येऊन मी जरा शोधाशोध केली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईचं आंदोलन उभं केलं. बेसुमार बांधकामं आणि टँकरचा पाणीउपसा, हाच त्यातला मुद्दा. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून मला ते ठाऊक होते. ते जुलै २०२४ मध्ये गेले. आम्ही पिंपं भरत होतो तेव्हा आठ किलोमीटरवर हे सगळं चाललं होतं आणि आमच्या घरात त्याचा एक शब्द नव्हता.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम थांबले. आजोबांना सांगून टाकलं, की तो टँकर आमच्याकडे यायचा. आता हे काय बोलणार, म्हणून पोटात गोळा. ते मोठ्याने हसले. ‘म्हणजे आपली जुनी ओळख निघाली की!’ मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘दोन वर्षं मीपण विकलं पाणी. मोठीचं लग्न होतं. टँकरवाला रोख द्यायचा, केळी देत नव्हती.’

हे मात्र मी घरी जाऊन बाबांना सांगितलं. ते भडकले. ‘फुकट नाही घेतलं आपण! एकेका टँकरचे पैसे मोजलेत.’ वर्तमानपत्रात डोकं घालून बसले. मला राग आला, मग वाईटही वाटलं. दोन मुलं आणि दुसरा मजला असलेल्या माणसाने तेव्हा दुसरं काय करायचं होतं? पुढच्या शनिवारी रात्री त्यांनी आपणहून विचारलं, ‘तुझे ते आजोबा सकाळी असतात का?’

मी सायकलवर पुढे, बाबा स्कूटरवर मागे, असे आम्ही गेलो. मला वाटलं होतं, काहीतरी गंभीर बोलणं होईल. दोघांनी तासभर टँकरच्या भावावर चर्चा केली! बाबा किती देत होते, आजोबांच्या हातात किती पडत होते. मधला आकडा निघाला तेव्हा दोघांनी मिळून त्या टँकरवाल्याला मनसोक्त शिव्या घातल्या. मग बाबा उठून त्या सपाट जागेपाशी उभे राहिले. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, तेव्हा ते ट्रेनमध्ये अडकले होते. ‘पावसाचं पाणी पूर्वी यात थांबायचं?’ त्यांनी विचारलं. ‘थांबायचं. वसईत अशी शेकड्याने होती,’ आजोबा म्हणाले. काही गावांत लोकांनी उरलीसुरली बावखलं साफ करायला घेतली आहेत, तेही त्यांनी सांगितलं. स्वतःचं पुन्हा खणणार का, हे मी विचारलं. पुतण्याच्या नावावर आहे, एवढंच म्हणाले.

निघताना आजोबांनी आम्हाला सुकेळी बांधून दिली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, या पट्ट्याचीच खासियत. गेटपाशी विचारलं, ‘आता तुमच्याकडे पाणी कुठलं?’

‘सूर्याचं,’ बाबा म्हणाले. ‘धरणाचं. नळाला येतं.’

‘ते धरण शेतीसाठी बांधलेलं ना? डहाणू, पालघर, विक्रमगडच्या लोकांसाठी? त्यांच्या कालव्यांना पुरतं का मग?’

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी हेल्मेटचा पट्टा लावत होते.

सूर्याचा कालवा कासा-चारोटीच्या बाजूला आहे. कडेने कच्चा रस्ता आहे म्हणतात, माझ्या पातळ टायरला तो मानवेल असं वाटत नाही. शेतीसाठीच्या त्या पाण्यातला मोठा वाटा शहरांकडे वळवला, म्हणून तिथले आदिवासी शेतकरी वर्षानुवर्षं भांडताहेत, हेही आता वाचलंय. येत्या रविवारी मित्राच्या गाडीत सायकल टाकून जायचा बेत आहे. बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, ‘स्कूटर हायवेला चालेल का गं तिथपर्यंत?’