अंगठा लागत नाही

'अंगठाछाप' ही आमच्या लहानपणी शिवी होती. गणितात नापास झालेल्या पोराला वडील "जन्मभर अंगठा लावत बसशील" असं म्हणाले, की पोरगा आता आयुष्यातून उठला, असं शेजारीपाजारीही समजून घेत. त्यांना काय कल्पना, की पुढे डॉक्टर, वकील, मास्तर आणि कलेक्टर कचेरीतले बाबू झाडून सगळे अंगठा लावायला रांगेत उभे राहतील आणि ज्याचा अंगठा लागणार नाही तोच आयुष्यातून उठेल! मी स्वतः बी.कॉम. आहे. सकाळी कामावर आल्यावर यंत्रावर अंगठा लावतो, तेव्हा कुठे मी आलो अशी नोंद होते. त्याआधी मी साहेबांच्या पुढ्यात उभा राहून नमस्कार केला, तरी हिशेबी मी गैरहजरच असतो.

आमची शाखा चंद्रपूर जिल्ह्यात, वैनगंगेच्या अलीकडे. पलीकडे गडचिरोली. 26 ऑगस्ट 1982 रोजी एका जिल्ह्याचे दोन झाले, पण जंगलाला ते अजून कोणी कळवलेलं दिसत नाही. दोन्हीकडे तोच मोह, तोच तेंदू, तोच मानवेल बांबू आणि दोन्हीकडच्या माणसांच्या हातात तेच अर्ज. बदलून आलेला नवा साहेब पहिले पंधरा दिवस वाघाची चौकशी करतो. सोळाव्या दिवसापासून तो अनुदानाच्या याद्यांची चौकशी करू लागतो. कारण वाघ पोट भरलेलं असलं तर माणसाला सोडून देतो, यादी सोडत नाही.

प्रौढ माणसाला धंदा शिकवायचा आणि वर अनुदान द्यायचं, ही सरकारची हौस जुनी आहे. 15 ऑगस्ट 1979 ला 'ट्रायसेम' नावाची योजना निघाली. खेड्यातल्या 18 ते 35 वर्षांच्या तरुणांना काहीतरी शिकवायचं, शिकत असताना विद्यावेतन द्यायचं आणि मग एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून त्यांना कर्ज मिळवून द्यायचं, असा बेत होता. लाभार्थी आदिवासी असेल तर निम्मं अनुदान. मी त्या वेळी जेमतेम पाळण्यात होतो, पण आमच्या शाखेतून निवृत्त झालेले एक हेड कॅशियर त्या काळाच्या आठवणी काढू लागले की दुपारचा चहा दोनदा होत असे. कर्जाच्या म्हशीच्या कानात विम्याचा बिल्ला असे. बिल्ला नाही तर विमा नाही. "अरे, काही बिल्ले म्हशींपेक्षा दीर्घायुषी निघाले," असं ते सांगत. शिवणकाम शिकून तर इतके जण बाहेर पडले की गावात शिंपी जास्त आणि फाटलेले कपडे कमी, अशी अवस्था झाली. 1 एप्रिल 1999 ला या सगळ्या योजना गुंडाळून एक नवी योजना आली. पुढे तिचंही नाव बदललं. नाव बदललं की योजना पुन्हा तरुण होते. लाभार्थ्याची तेवढी सोय नाही.

आमच्या एक मावशी याच चालीने साठीच्या पलीकडे गेल्या. मावशी म्हणजे माझ्या कोणी नव्हेत, शाखेच्या मावशी. त्यांचं बुरूडकाम. सूप, टोपली, दुरडी, कोंबड्यांचं खुराडं, काय म्हणाल ते त्या बांबूच्या कमच्यांतून उभं करतात. देशात 2 ऑक्टोबर 1978 ला प्रौढ शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला, त्याची लाट त्यांच्या गावापर्यंत पोचली आणि कंदिलाच्या उजेडात मावशी सही शिकल्या. तेव्हापासून त्यांनी अंगठा लावणं सोडलं. त्यांची सही बघण्यासारखी असते. एकेक अक्षर त्या विणतात. पूर्ण व्हायला चार मिनिटं लागतात आणि तोवर काउंटरवरची रांग दरवाज्याबाहेर जाते. पण घाई करायची कोणाची छाती होत नाही.

पुढे 17 सप्टेंबर 2023 ला पंतप्रधान विश्वकर्मा योजना आली. हातावर पोट असलेल्या 18 धंद्यांना तिच्यात जागा आहे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, शिंपी आणि टोपल्या-चटया विणणारेही. पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण, रोज 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपये आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाखापर्यंत व मग 2 लाखांपर्यंत कर्ज. कागदावर बघितलं तर नाव ठेवायला जागा नाही. मी मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "कुठं सही करू?"

"सही नको मावशी, अंगठा लागेल."

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांची पदवी परत मागतो आहे. "सायेब, आंगठा लावाचा नाई, हेच तं शिकवलं जी मले!"

तरी त्या गेल्या. बँकेशेजारीच एका पोराचं सेवा केंद्र आहे. त्याने मावशींचा अंगठा यंत्रावर ठेवला. यंत्र लाल झालं. धुऊन ठेवला, पदराला पुसून ठेवला, थोडं तेल लावून ठेवला. मग तर्जनी, मग मधलं, अशी दहाही बोटं झाली. अकरावं असतं तर तेही त्याने ठेवून पाहिलं असतं. शेवटी तो म्हणाला, "आजी, तुमच्या बोटावर रेषाच नाहीत."

असणार कुठून? चाळीस-पन्नास वर्षं बांबूच्या धारदार कमच्या त्या बोटांवरून सरकल्या होत्या. खरं म्हणजे ही बाई कारागीर आहे याला यापेक्षा मोठा पुरावा तो कोणता? पण यंत्राला पुरावा नको असतो, रेषा हवी असते. माझा अंगठा बघा. वीस वर्षं त्याने नोटा मोजण्यापलीकडे काही केलेलं नाही. तो पहिल्या फटक्यात लखकन उमटतो. कारागिरांच्या योजनेला माझ्यासारखा लायक अंगठा अख्ख्या तालुक्यात सापडणार नाही.

पंधरा दिवसांनी तालुक्याहून डोळ्यांचं यंत्र आलं. पोरगा म्हणाला, "आजी, डोळे मोठे करा." मावशी म्हणाल्या, "सुनेकडं पायते तसं पाहू का?" तसं पाहिल्याबरोबर यंत्राने ओळख पटवली. यंत्रालाही सासू कळते.

मग पडताळणी. आधी ग्रामपंचायत, मग जिल्हा, मग राज्य. या बाईला खरोखरच टोपली विणता येते का, हे तीन पायऱ्यांवर बघितलं जातं. मी एकदा वैतागून बोललो, तर आमच्या साहेबांनी मला शांत केलं. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात बांबू हे गवत आहे. पण 1927 च्या वन कायद्याने त्याला झाड ठरवलं होतं. जंगलाबाहेरचा बांबू झाडांच्या यादीतून निघाला तो 2017 साली. "बांबू गवत आहे हे कळायला 90 वर्षं लागली," साहेब म्हणाले. "मावशींना बांबू येतो हे कळायला सहा महिने म्हणजे तातडीच म्हणायची!"

प्रशिक्षणाचा मुहूर्त निघाला मार्चमध्ये. आर्थिक वर्ष संपायच्या आत पैसे खर्च व्हावेत म्हणून कचेऱ्यांचा सगळा उत्साह मार्चमध्ये फुलतो, आणि आमच्याकडे मोहही नेमका तेव्हाच फुलतो. मोह पहाटे पडतो आणि त्या वेळी जो झाडाखाली नसेल, त्याचा वाटा दुसऱ्याच्या टोपलीत जातो. मोह आटोपला की मे महिन्यात तेंदूपानं. त्यानंतर पाऊस लागला की रोवणा. म्हणजे माणूस रिकामा असतो तेव्हा निधी नसतो आणि निधी असतो तेव्हा माणूस जंगलात असतो. पहिल्या दिवशी 30 जणांच्या वर्गात 11 जण होते. त्यांत एक मावशी.

शिकवणारा मुलगा शहरातला, डिझाइनचा कोर्स केलेला आणि मनाने चांगला. पहिला धडा होता 'बांबूची ओळख'. तो फळ्यावर ओळख लिहीपर्यंत मावशींनी बांबू फोडून, कमच्या काढून सुपाचा तळ धरला होता. दुसऱ्या दिवशी त्याने दिव्यावर घालायची बांबूची जाळीदार टोपी दाखवली. मावशींनी विचारलं, "याच्यात काय ठेवते जी?"

"दिवा."

"दिव्याले टोपल्यात काऊन कोंडता?"

पण पोरगा हुशार होता. नागपूरच्या प्रदर्शनात अशा एका टोपीचे किती रुपये येतात ते त्याने सांगितलं. मावशींनी मनातल्या मनात सुपांचा भाव लावला आणि दिवा कोंडायला घेतला. तिसऱ्या दिवसापासून मी जेवणाच्या सुट्टीत डोकावलो, तर मास्तर जमिनीवर मांडी घालून बसलेला आणि मावशी त्याचं बोट धरून सुपाचा काठ कसा आवळायचा ते शिकवत होत्या. प्रमाणपत्र मावशींना मिळालं आणि प्रशिक्षण मास्तरला. वाटपाचा समारंभ आमच्या झाडीपट्टीच्या नाटकासारखा झाला. पडदा उशिरा उघडला, भाषणांत प्रवेशामागून प्रवेश येत गेले आणि अर्धे प्रेक्षक झोपल्यावर मुख्य पात्र मंचावर आलं.

त्यानंतर गाठ माझ्याशी. कर्जाचा कागद पुढे करून मी हिशेब सांगितला. 1 लाख रुपये, 18 हप्ते, महिन्याला साधारण 5,800. मावशींनी हिशेब बोटांवरच केला. त्या बोटांवर रेषा नसल्या तरी पेरं शाबूत आहेत.

"सायेब, आता बजारात प्लास्टिकचं सूप आलं. रंगीबेरंगी. माह्या सुपाले कोन पुसते? आन् मी म्हनलं, घेतलं कर्ज, तं बांबू कुठं हाय? डेपोत जा, तं म्हनते आज नाई, सोमवारी या. त्या टेम्पोचं भाडं बांबूपरीस जास्त. पैसे राहू द्या जी. बांबू देता का?"

मी फॉर्म उलटसुलट करून बघितला. त्यात नाव, वय, जात, धंदा, शिक्षण, अनुभव, वारस, सगळ्यांना चौकट होती. 'बांबू देता का?' याला चौकट नव्हती.

अशा वेळी मला नदीपलीकडचं मेंढा-लेखा आठवतं. धानोरा तालुक्यातलं छोटंसं गोंडांचं गाव. 2009 साली त्याला आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. मग गावाने आपला बांबू आपण तोडला आणि आपण विकला. बांबू कसा तोडायचा याचा वर्ग तिथे कोणी भरवला नव्हता. हवं होतं एक पुस्तक आणि तेही कोऱ्या पासांचं. प्रशिक्षण वाईट असं मी म्हणत नाही. दिव्याची टोपी मावशींना वर्गातच मिळाली. पण माणसाला काय येत नाही हे विचारण्याआधी त्याला काय मिळत नाही हे एकदा विचारायला काय हरकत आहे? प्रश्न तसा स्वस्त आहे. त्याला अनुदानही लागत नाही.

मावशींनी कर्ज घेतलं नाही. अवजारं घेतली, कारण जुना कोयता खरंच झिजला होता. विद्यावेतनाचे 6 दिवसांचे 3,000 रुपये खात्यात जमा झाले, ते काढायला त्या बाजाराच्या दिवशी आल्या. शाखेत गर्दी मावत नव्हती. मावशींनी पैसे काढायची स्लिप समोर ओढली, चष्मा सारखा केला आणि पहिलं अक्षर विणायला घेतलं. दुसऱ्या मिनिटाला रांगेतला एक शिकलेला तरुण घड्याळ बघत म्हणाला, "आजी, अंगठा लावून टाका ना, लवकर होईल."

मावशींनी मान वर केली नाही.

"तुमचा लागते बाबू, तुमी लावा," त्या म्हणाल्या आणि वेलांटी काढू लागल्या.